ओकलंडच्या गांजा-अनुदानाचा अर्ज भरायला बसताना

बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे) आपले काही हिशेबनीस, करसल्लागार आणि निवृत्तीनंतर हाताशी वेळ असलेली मंडळी ओकलंडमधल्या छोट्या व्यावसायिकांना सरकारी अर्ज भरायला मदत करतात. त्यातल्या कुणाच्या पुढ्यात गांजाचा परवानाधारक येऊन बसला, तर काय काय हाताशी हवं, ते इथे लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण ‘बिझनेस प्लॅन’पासून सुरुवात करतात आणि तो खरं तर सगळ्यात शेवटी लागतो.

आधी थोडा इतिहास माहीत करून घ्या, नाहीतर अर्जातले निम्मे प्रश्न चमत्कारिक वाटतील. कॅलिफोर्नियात वैद्यकीय गांजाला १९९६च्या मतदानाने मुभा मिळाली, आणि नोव्हेंबर २०१६च्या ‘प्रपोझिशन ६४’ने प्रौढांसाठी तो कायदेशीर झाला. मधल्या वीस वर्षांत अटका थांबल्या नव्हत्या. ओकलंड शहराने स्वतःच्याच नोंदी तपासल्या तेव्हा २०१५ साली गांजासाठी अटक झालेल्यांपैकी ७७ टक्के कृष्णवर्णीय आणि ४ टक्के गोरे निघाले. शहराच्या लोकसंख्येत मात्र दोघांचाही वाटा साधारण तीस टक्क्यांचा. पुढे धंदा कायदेशीर झाल्यावर भांडवल घेऊन कोण येणार हे उघड होतं. म्हणून शहराने २०१७मध्ये इक्विटी परवान्यांची, म्हणजे अटकांची झळ बसलेल्यांनाही धंद्यात वाटा मिळावा अशी, योजना आणली आणि पहिल्या टप्प्यातले निम्मे परवाने या लोकांसाठी राखून ठेवले. त्यामुळे पात्रतेच्या निकषांत धंद्याचा अनुभव कुठेच नाही. तुम्ही कुठे राहत होता आणि तुमच्यावर खटला झाला होता का, हे विचारलेलं आहे. अर्जदारासमोर हे प्रश्न वाचताना आवाज नेहमीसारखाच ठेवा. शिक्षेचा रकाना आला की कुजबुजायची आपल्याला सवय असते.

मग पैसा कुठून येतो ते पाहून घ्या. शहर स्वतःच्या खिशातून फार थोडं देतं. २०१८च्या सिनेट बिल १२९४ने राज्याने स्थानिक इक्विटी योजनांना अनुदान द्यायला सुरुवात केली. सुरुवातीची रक्कम एक कोटी डॉलरची होती. त्यानंतर २०१९-२० सालासाठी तीन कोटी डॉलर सोळा शहरं आणि काउंट्यांमध्ये वाटले गेले आणि त्यात ओकलंडचा वाटा सगळ्यात मोठा, पासष्ट-सहासष्ट लाख डॉलरच्या आसपास होता. आता हे काम गव्हर्नरच्या कार्यालयातला व्यवसाय-विकास विभाग पाहतो. तो शहराला देतो, आणि शहर अर्जदाराला. राज्य आणि शहर यांच्यात करार होतो, त्याला मुदत असते, आणि मुदतीत न खर्चलेला पैसा परत जाऊ शकतो. म्हणून अर्ज हातात घेण्याआधी सिटीच्या परवाना विभागाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: हा निधी कोणत्या वर्षाच्या वाटपातला आहे, हे अनुदान आहे की बिनव्याजी कर्ज, आणि रक्कम आगाऊ मिळते की खर्च केल्यावर पावत्या दाखवून. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पावत्या दाखवून पैसे मिळणार असतील तर आधी खर्च करायला पैसे हवेत, आणि ते नाहीत म्हणूनच तर हा माणूस इथे आला आहे.

यानंतर खरी मेहनत कागदांची. इक्विटी अर्जदार ठरायला ओकलंडचा रहिवासी असावं लागतं, आदल्या वर्षाचं उत्पन्न शहराच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत असावं लागतं (घरात माणसं किती यावर हा आकडा बदलतो आणि दर वर्षी नवा येतो), आणि शिवाय दोनपैकी एक गोष्ट लागते. एक तर ५ नोव्हेंबर १९९६ नंतर अटक होऊन ओकलंडमध्ये केलेल्या गांजाच्या गुन्ह्यासाठी शिक्षा झालेली असावी, किंवा गेल्या वीस वर्षांपैकी दहा वर्षं ठरवून दिलेल्या पोलिस बीटांमध्ये वास्तव्य असावं. अशी बीटं २०१७मध्ये एकवीस ठरवली होती, बहुतेक पूर्व आणि पश्चिम ओकलंडमधली. बीटचा नकाशा छापून समोर ठेवा. अर्जदाराला गल्ल्या पाठ असतात, बीटचे क्रमांक नसतात, आणि दोन घरांच्या अंतरावर हद्द बदलते.

दहा वर्षं राहिल्याचा पुरावा ऐकायला सोपा वाटतो. पण ज्याने ती दहा वर्षं आजीच्या घरी, मग बहिणीकडे, मग मित्राच्या सोफ्यावर काढली, त्याच्या नावावर ना भाडेकरार ना विजेचं बिल. नियमांमध्ये मात्र दारं बरीच उघडी आहेत: वाहन परवान्याच्या किंवा ओळखपत्राच्या सरकारी नोंदी, मालमत्ता कराची बिलं, पत्ता असलेली कर-विवरणपत्रं, शाळेचे दाखले, दवाखान्याच्या नोंदी, बँकेची स्टेटमेंटं, ओकलंड हाउसिंग अथॉरिटीची कागदपत्रं, वीज-केबल-इंटरनेटची बिलं. यातले किमान दोन प्रकार लागतात. मी शाळेपासून सुरुवात करायला सांगेन, आणि अर्जदाराची मुलं असतील तर त्यांच्याही शाळेत पालक म्हणून नोंदलेला पत्ता असतो. तो चालेल का हे सिटीला विचारून घ्या. एका कागदावर वर्षं उभी लिहून प्रत्येक वर्षासमोर पत्ता, बीट आणि पुरावा भरायचा. कुठलं वर्ष रिकामं आहे ते लगेच दिसतं. वीसपैकी दहाच लागतात, आणि सलग असायची गरज नाही, हे अर्जदाराला पहिल्या पाच मिनिटांत सांगा. अर्धे लोक इथेच हात टेकून उठतात.

उत्पन्नासाठी केंद्राचं कर-विवरणपत्र आणि त्याच्या जोडीला आणखी एक पुरावा: दोन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, नफा-तोटा पत्रक, किंवा फूड स्टॅम्प, मेडि-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठी राज्याची आरोग्यविमा योजना) यांसारख्या मदतीला पात्र असल्याचं पत्र. विवरणपत्र भरलंच नसेल तर आधी ते भरून घ्या. उत्पन्न कमी होतं म्हणून भरायची गरज नव्हती, हे खरं असतं, पण खिडकीवर त्याचा उपयोग होत नाही.

शिक्षेच्या आधारावर पात्रता मागणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. प्रपोझिशन ६४नंतर जुन्या शिक्षा कमी करण्याची किंवा रद्द करण्याची सोय झाली, आणि २०१८च्या असेंब्ली बिल १७९३ने राज्यालाच जुन्या नोंदी शोधून काढायला लावलं. त्यामुळे अर्जदाराची नोंद त्याच्या नकळत पुसली गेलेली असू शकते. चांगलीच गोष्ट, पण आता त्याला सिद्ध करायचं आहे की शिक्षा झाली होती. खटल्याचा निकाल दाखवणारे न्यायालयाचे कागद किंवा नोंद रद्द झाल्याचा आदेश, दोन्ही धरले जातात. ॲलमेडा काउंटीच्या न्यायालयातून प्रमाणित प्रत मागवायला वेळ लागतो, तेव्हा हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

आता करार. माझ्या मते अर्जदाराचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि सरकारी अर्जात याबद्दल फार थोडं विचारलेलं असतं. ओकलंडच्या नियमात इक्विटी मालकाचा वाटा निदान ५० टक्के हवा. शिवाय साध्या, म्हणजे इक्विटीत न बसणाऱ्या, अर्जदाराला रांगेत पुढे जायचं असेल तर त्याने एखाद्या इक्विटी व्यावसायिकाला तीन वर्षं किमान हजार चौरस फूट जागा फुकट द्यायची, अशी ‘इन्क्युबेटर’ची सोय ठेवली होती. कल्पना चांगली. तिचा फायदा घेऊन ज्याचं नाव पुढे करायचं तो एक आणि ज्याच्या हातात धंदा तो दुसरा, अशा जोड्याही तयार झाल्या. आपल्याला हा प्रकार नवा नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाच्या नावाने कारभार करणारे गावोगाव आहेत. तेव्हा भागीदारीचा कागद, व्यवस्थापनाचा करार आणि भाडेकरार हे तीनही एकत्र मागा आणि एकाच बैठकीत वाचा. भागीदारीच्या कागदावर ५१ टक्के दिसतील, आणि व्यवस्थापनाच्या करारात विक्रीच्या मोठ्या टक्क्याची फी दुसऱ्याच कंपनीला जात असेल. बँकेच्या खात्यावर सही कुणाची, भाडेकरार कुणाच्या नावावर, मतभेद झाले तर शेवटचा शब्द कुणाचा, आणि अर्जदाराचा हिस्सा ठरलेल्या किमतीला विकत घ्यायचा हक्क कुणी लिहून घेतला आहे का, हे पाहा. अनुदानाची रक्कम आल्या आल्या ‘जुनं देणं’ म्हणून वळती होईल असं कलम असेल तर तो अर्ज पुढे नेऊ नका, वकिलाकडे पाठवा. तुम्ही वकील नसाल तर कलमावर खूण करून थांबा; सल्ला देऊ नका.

जागेच्या बाबतीत लॉस एंजेलिसचा अनुभव सगळ्यांना सांगावा असा आहे. तिथे सप्टेंबर २०१९मध्ये दुकानांसाठी अर्ज मागवले तेव्हा अर्जदाराच्या ताब्यात आधीच जागा असावी लागत होती, आणि ‘जो आधी येईल त्याला’ असा क्रम होता. प्रक्रियेवर आक्षेप आले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि लोक रिकाम्या दुकानाचं भाडं महिनोन्महिने भरत राहिले. ओकलंडच्या अर्जदारालाही घरमालक घाई करतो. परवाना मिळाल्यावरच भाडं सुरू होईल, निदान परवाना नाकारला गेला तर करार मोडता येईल, एवढी ओळ करारात असल्याशिवाय अनामत देऊ नये.

काही कागद कंटाळवाणे आहेत, पण त्यांच्यावाचून चेक निघत नाही: फेडरल कर-क्रमांक, डब्ल्यू-९ फॉर्म, शहराचा धंद्याचा कर भरल्याची पावती, राज्याच्या कॅनाबिस नियंत्रण विभागाचा परवाना किंवा अर्जाचा क्रमांक, आणि शहराचं नाव घातलेलं विम्याचं प्रमाणपत्र. बँक खातं वेगळं काढलेलं हवं. मोठ्या बँका या धंद्याला अजून दारात उभं करत नाहीत. काही क्रेडिट युनियन खाती देतात आणि तपासणीचा खर्च म्हणून महिन्याला चांगली फी घेतात. ती फी अंदाजपत्रकात धरा. सुरक्षेचा खर्चही तसाच. ओकलंडमधल्या गांजाच्या दुकानांवर आणि गोदामांवर २०२०च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा नोव्हेंबर २०२१मध्ये टोळक्यांनी धाडी घातल्या आणि कित्येक छोटे मालक त्यातून सावरले नाहीत. दरवाजा, कॅमेरे आणि रखवालदार यांचे आकडे ‘इतर’मध्ये ढकलू नका, वेगळ्या ओळीत दाखवा.

आणि कर. इथे हिशेबनिसाची खरी गरज आहे. अनुदान हे उत्पन्न धरलं जातं. एरवी त्याने काही बिघडत नाही, कारण तेच पैसे भाड्यात गेले की खर्च म्हणून वजा होतात. पण फेडरल करकायद्याचं १९८२चं कलम २८०ई म्हणतं की पहिल्या किंवा दुसऱ्या यादीतल्या अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचा खर्च वजा करता येणार नाही. मालाची किंमत तेवढी वजा होते. समजा दुकानदाराला ५०,००० डॉलर मिळाले आणि ते सगळे भाड्यात गेले. हातात शून्य, आणि फेडरल सरकारच्या हिशेबात उत्पन्न ५०,०००. तो २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर ११,००० डॉलर कर देणं लागतो. तेव्हा अनुदान मंजूर झालं की कराचा हिस्सा बाजूला ठेवा, आणि शहराचे नियम परवानगी देत असतील तर अनुदानातून काय भरायचं आणि स्वतःच्या पैशातून काय, याची फेरजुळणी करा. लागवड किंवा उत्पादन करणाऱ्याच्या जागेच्या भाड्याचा काही भाग मालाच्या किमतीत धरता येतो, दुकानदाराच्या बाबतीत ती सोय जवळजवळ नाही. कॅलिफोर्निया राज्याच्या करात हे बंधन तसं लागू नाही, म्हणून दोन वेगळे तक्ते करावे लागतात. गांजा तिसऱ्या यादीत (जिला हे कलम लागू नाही) नेण्याची प्रक्रिया केंद्राने २०२४मध्ये सुरू केली. ती कुठवर आली आहे हे अर्जाच्या दिवशी पाहून मगच आकडा लिहा. आणि अर्जदार मेडि-कॅलवर असेल तर या कागदी उत्पन्नाने त्याची पात्रता जाऊ शकते, हे त्याला चेक येण्याआधी कळायला हवं.

एक गोष्ट तुमच्या स्वतःसाठी. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल, एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर या टेबलावर बसण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. राज्याने परवाना दिला तरी केंद्राच्या नजरेत हा व्यवहार वेगळा आहे, आणि एप्रिल २०१९मध्ये नागरिकत्व विभागाने स्पष्ट लिहिलं की या उद्योगातलं काम नागरिकत्वाच्या अर्जात ‘सद्वर्तना’च्या आड येऊ शकतं. पगार घ्या, भागीदारी घ्या किंवा आपली जागा भाड्याने द्या, प्रश्न उरतोच. अर्जदार परदेशात जन्मलेला असेल तर हाच प्रश्न त्यालाही विचारा.

बिझनेस प्लॅन आता लिहायला घ्या. वरचे कागद जमले असतील तर तो दोन संध्याकाळींत होतो, कारण भाडं, विमा, सुरक्षा, कर आणि भागीदाराचा हिस्सा हे सगळे आकडे आधीच हाताशी आहेत. अनुदान आल्यावरचा बॉक्सही त्याच वेळी तयार करून द्या: प्रत्येक खर्चाची पावती, चेकची प्रत, आणि अनुदान-करारातल्या कोणत्या ओळीखाली तो खर्च बसतो त्याचा क्रमांक. शहराला राज्याकडे अहवाल द्यावा लागतो, तेव्हा कुणीतरी हे मागणारच, आणि तोवर टेबलाच्या या बाजूला तुम्ही नसाल.