रेडिओच्या एका तासात डान्स आणि रॅप एकत्र कसे लावायचे

संभाजीनगरच्या एका एफएम स्टेशनवर मी गाणी लावते. लावते म्हणजे निवेदन करत नाही. कितव्या मिनिटाला काय वाजेल ते ठरवते. श्रोत्यांना वाटतं हे आरजे ठरवतो. वाटू द्या, आरजे खूश राहतो. शनिवारी रात्री नऊच्या तासाला आम्ही डान्स (म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) आणि हिप-हॉप (म्हणजे ज्यात रॅप येतो ते) एकत्र लावतो. त्या तासासाठी जालना, बीड, लातूर, परभणीकडून पोरं स्वतःचे मिक्स पाठवतात आणि त्यातले बरेच मी परत पाठवते. ते का परत जातात आणि काय केलं तर जाणार नाहीत, एवढंच इथं लिहिते आहे.

आधी वादाचं उरकून घेऊ. आमच्याकडेच दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, डान्सवाल्याला ठेका पाहिजे आणि रॅपवाल्याला शब्द, दोघांना एका ताटात कशाला बसवायचं? दुसरी म्हणते, सगळं एकच, बीट चालू ठेवा. मी मिसळण्याच्या बाजूची आहे. ही दोन्ही एकाच वस्तीत वाढलेली आहेत. १९८२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या अफ्रिका बंबाटाने 'प्लॅनेट रॉक' काढलं तेव्हा त्यात क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची धून होती, रोलँडच्या ८०८ ड्रम मशीनचा ठेका होता आणि वर रॅप. ते हिप-हॉप की डान्स, हे आजही कुणाला धड सांगता येत नाही.

पण मिसळण्याची एक वाईट तऱ्हाही आहे. २००९ मध्ये ब्लॅक आयड पीजचं 'आय गॉटा फीलिंग' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १४ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्याच्या निर्मितीत फ्रेंच डीजे डेव्हिड गेटा होता. गाणं झकास आहे, मी आजही लावते. त्यानंतरची दोन-चार वर्षं मात्र जगभरच्या रेडिओवर तोच साचा चालला आणि रॅपरच्या तोंडी उरलं काय, तर हात वर करा, आजची रात्र आपली आहे. सांगणारा गेला, ओरडणारा राहिला. म्हणून माझी एकच अट आहे: डान्सने खालची जमीन द्यावी, रॅपरच्या तोंडावर हात ठेवू नये. पुढचं सगळं ही अट पाळण्यासाठी.

भारूड म्हणजे आपला रॅपच, असं भाषणात सांगणाऱ्यांशी मी भांडत नाही, पण मिक्स करताना त्याचा काही उपयोग होत नाही. उपयोग होतो तो १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उभं राहिल्याचा. भीमगीताला डीजेचा ठेका लावलेला असतो, गाडीपुढं पोरं नाचत असतात आणि त्याच पोरांना कडवी तोंडपाठ असतात. शब्द बुडाला की गर्दीच तो भरून काढते. मराठवाड्यातला श्रोता नाचताना ऐकत नाही, हे मला कुणी सांगू नये.

मोजणीपासून सुरुवात

प्रत्येक गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, हे आधी लिहून काढा. सॉफ्टवेअर सांगतं, पण त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. ट्रॅप या हिप-हॉपच्या प्रकाराचं गाणं ते कधी ७० दाखवतं, कधी १४०. मान डोलावून स्वतः मोजा. हाउस हा डान्सचा प्रकार साधारण १२० ते १२८, जुन्या वळणाचं हिप-हॉप ८५ ते १००, ड्रिल हा रॅपचा प्रकार १४० च्या आसपास.

आता पोरं काय करतात? ९६ चा रॅप उचलतात आणि ताणून १२८ वर नेतात. म्हणजे वेग एक तृतीयांशाने वाढला. डीजेच्या जुन्या टेक्निक्स कंपनीच्या टर्नटेबलवर, म्हणजे तबकडीच्या प्लेअरवर, वेग बदलायची पिचची पट्टी आठ टक्के वर, आठ टक्के खाली एवढीच सरकायची, आणि ती मर्यादा मला आजही शहाणपणाची वाटते. सॉफ्टवेअरने सूर न बदलता वेग वाढवता येतो हे खरं, पण जिभेचं काय करणार? सोळा बारचं (एक बार म्हणजे चार ठोके) कडवं ९६ वर बरोबर ४० सेकंद चालतं. १२८ वर तेच ३० सेकंदांत कोंबावं लागतं. इंग्रजीत एका झटक्यात बोलता येणारे छोटे शब्द खूप, तिकडे एखादवेळेस निभावतं. मराठीत 'दुष्काळग्रस्तांच्या' असा शब्द आला की संपलं.

लातूरच्या एका पोराचं कडवं माझ्याकडे आलं होतं, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली त्यावर. घागरी, रांगा, स्टेशनवर जमलेली माणसं, सगळं त्यात होतं. त्याने ते १२८ च्या हाउसवर ताणून बसवलं होतं. मी ते रिक्षात ऐकलं (स्टुडिओत सगळंच चांगलं वाजतं, म्हणून मी परीक्षा रिक्षात घेते). 'मिरज' हा शब्दच कळेना. मूळ वेगावर परत मागवलं, तेव्हा रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "हे आपल्या लातूरचं हाय का?" त्या शनिवारी ते लागलं.

मग १२८ वरून ९६ वर उतरायचं कसं

तीन रस्ते आहेत. दोन पटकन सांगते.

पहिला म्हणजे जाहिराती. ब्रेकच्या आधी १२८ आणि नंतर ९०, श्रोत्याला काही जाणवत नाही, कारण मधे साड्यांचा सेल आणि कोचिंग क्लास येऊन कान पुसला जातो. तासात ब्रेक कुठं आहेत ते आधी विचारा आणि वेगाच्या मोठ्या उड्या तिथेच ठेवा. जाहिरातींना लोक शिव्या देतात. मिक्स करणाऱ्याने त्यांचे आभार मानावेत.

दुसरा, अर्धा वेग. १४० च्या ड्रिलखाली मान ७० ने डोलते, तसंच १२८ च्या डान्सवर रॅपरला ६४ च्या चालीने सावकाश बोलू द्या. यात नवीन रेकॉर्डिंग लागतं, जुनं कडवं बसत नाही.

तिसरा रस्ता माझा लाडका. यात हलगी लागते.

हिशेब बघा. १२८ च्या ठेक्यावर हलगीवाल्याने प्रत्येक ठोक्यात तीन आघात वाजवले तर चार ठोक्यांत बारा होतात: तकिट तकिट तकिट तकिट. आता हेच बारा आघात, त्याच वेगात, हात न थांबवता चार-चारच्या गटात ऐका: तिरकिट तिरकिट तिरकिट. तीन ठोके झाले. हलगीचा वेग बदलला नाही, पण खालचा ठेका १२८ चा ९६ झाला. आधी खाली हाउसचा किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आहे, वर तीन-तीनची हलगी. किक काढून घ्या. दोन-चार आवर्तनं हलगी एकटी वाजू द्या, मात्र आता तिचा जोर दर चौथ्या आघातावर आणा. मग ९६ चा हिप-हॉप बीट खालून आत घ्या. नाचणाऱ्याचा पाय क्षणभर अडखळतो आणि लगेच नव्या चालीत पडतो. उलट दिशेनेही जमतं: चार-चारवरून तीन-तीन, ९६ वरून १२८. किक नव्या वेगाच्या पहिल्या ठोक्यावरच आली पाहिजे. तिथं चूक झाली तर गाडी रुळावरून घसरल्यासारखं वाटतं.

इंटरनेटवरच्या तयार हलगीच्या लूपमध्ये (परत परत वाजणाऱ्या तुकड्यात) जोर आधीच ठरलेला असतो, तो हलवता येत नाही. म्हणून खरा वाजवणारा बोलवा. आम्ही बोलावला तेव्हा पावसाळी हवा होती आणि कातडं सैल पडलं होतं. स्टुडिओत जाळ कसा करणार? पार्किंगमध्ये रद्दी पेटवून त्याने हलगी शेकली, वॉचमन बादली घेऊन धावत आला, आणि मग आत येऊन पहिलं टिपरू पडलं तसा मीटरचा काटा लाल झाला. माइक वीतभर नाही, दोन-तीन हात लांब ठेवा. जाड टिपरूचा आवाज आणि बारीक काडीचा आवाज वेगवेगळे ओळखू आले तर अंतर बरोबर आहे.

मराठीत डान्स चालतो का, हा प्रश्न आता कुणी विचारू नये. २०२४ मध्ये क्राटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं, चक्क मराठी हाउस. अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडीत रॅप करतो आणि लोक ऐकतात. मराठवाडी बोलीत करणारी पोरं माझ्या इनबॉक्समध्ये आहेत. 'काहून' आणि 'लई' काढून पुस्तकी मराठी करू नका, एवढं त्यांना सांगते.

रेडिओत बेस नसतो

माझ्या मावसभावाचा सेलूला साउंडचा धंदा आहे. तो आला की एकच तक्रार करतो, "ताई, तुमच्या रेडिओवर बेस कुठं ऱ्हातोय?" बरोबर आहे त्याचं. ८०८ चा खोल बेस ४०-५० हर्ट्झवर असतो, आणि रिक्षातल्या वा मोबाइलच्या स्पीकरला तो निघतच नाही. वाळूजच्या कंपनी बसमध्ये तर इंजिनच त्याच्यावर बसतं. त्यामुळे बेस वाढवून काही होत नाही. त्याला थोडं सॅच्युरेशन द्या (आवाज किंचित खरखरीत करा), म्हणजे वरचे सूर तयार होतात आणि लहान स्पीकरही कानाला बेस भासवतो. किकचा 'टक्' हा वरचा भाग जपा. खालचा 'धम्' तसाही पोचणार नाही.

आवाजासाठी जागा करा. रॅप चालू असताना सिंथ (सिंथेसायझरचे सूर) दोन-तीन डेसिबलने खाली घ्या, विशेषतः एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, कारण व्यंजनं तिथं कळतात. 'स', 'च', 'श' मात्र टोचू देऊ नका. एफएमवर प्रसारणाआधी वरच्या पट्टीचे आवाज वाढवले जातात आणि रेडिओ संचात ते परत खाली येतात; या व्यवस्थेत आधीच तीक्ष्ण असलेला 'स' लिमिटरला (आवाज ठरलेल्या पातळीवर रोखणाऱ्या यंत्राला) धडकतो आणि फाटका ऐकू येतो. हाय-हॅटचंही (ड्रमसेटमधल्या झांजेचंही) तेच. टोचणारा 'स' दाबणारं डी-एसर हे साधन लावा.

शेवटी मिक्स मोनोमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज एकत्र करून, ऐका. सिग्नल कमजोर झाला की बहुतेक रेडिओ संच स्टिरिओ सोडून मोनोकडे जातात, आणि बायपासच्या पलीकडे आमचा सिग्नल कमजोरच असतो. रुंद केलेला सिंथ मोनोत गायब होत असेल तर तो घरी हेडफोनवर ऐकायला ठेवा. आणि मास्टर, म्हणजे शेवटचं तयार मिक्स, दाबून (मोठे-लहान आवाज एकसारखे करून) सपाट करून पाठवू नका. आमचा प्रोसेसर ते काम करतोच, दोनदा दाबलेली गोष्ट चिखल होते.

काय लागणार नाही

खासगी एफएमला आकाशवाणीची कार्यक्रम संहिता पाळावी लागते. त्यात २०२२ च्या अखेरीस माहिती व प्रसारण मंत्रालयाने दारू, अमली पदार्थ, हत्यारं आणि गुंडगिरीचं कौतुक करणारी गाणी न लावण्याची लेखी सूचना एफएम वाहिन्यांना दिली. त्यामुळे शिवी 'बीप' केली तरी कडवं गावठी कट्ट्यावर, म्हणजे पिस्तुलावर, बेतलेलं असेल तर ते परत येणार. गावातली भांडणं, प्रेम, नोकरी, पाणी, सरपंच यांवर लिहा. सरपंचाचं नाव घेऊ नका.

रीमिक्सचंही तसंच. स्टेशन गाणं वाजवण्याचे पैसे भरतं. दुसऱ्याच्या गाण्यातला गळा कापून स्वतःच्या बीटवर चिकटवायचा तर मूळ मालकाची परवानगी लागते. ती लेखी नसेल तर आमच्याकडे ते लागत नाही. 'यूट्यूबवर सगळे करतात' हे उत्तर मला पाठ आहे.

पाठवताना वेव्ह फाइल पाठवा, ४८ किलोहर्ट्झची चालेल. व्हॉट्सअॅपनेच पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. सोबत साध्या कागदावर गाण्यांचा क्रम, प्रत्येकाचा बीपीएम, कोण गातंय आणि शंकास्पद शब्द कितव्या सेकंदाला आहे ते लिहा. शुक्रवारी दुपारपर्यंत आलं तर त्या आठवड्याला ऐकते. आणि फाइलला स्वतःचं नि गावाचं नाव द्या. 'फायनल न्यू फायनल' नावाच्या फायली माझ्याकडे ढिगाने पडल्या आहेत, त्यातली कुठली कुणाची ते मलाही माहीत नाही.