घरातली अडगळ कशी काढावी आणि काढलेली पुन्हा कशी येऊ देऊ नये

दिवाळीच्या आधीचा एखादा रविवार बहुतेक मराठी घरांत माळ्याला वाहिलेला असतो. सकाळी उत्साहाने शिडी लावली जाते, दुपारपर्यंत निम्मा माळा हॉलमध्ये उतरतो, जेवणे उभ्याउभ्या उरकली जातात आणि संध्याकाळी कंबर धरलेली माणसे तेच सामान, फार तर धूळ पुसून, पुन्हा वर चढवतात. आमच्या घरी हे सलग काही वर्षे झाले. याचे खापर आळसावर फोडणे सोपे आहे, पण दिवसभर राबलेल्या माणसाला आळशी कोण म्हणेल? खरी अडचण अशी की प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर एक निर्णय घ्यावा लागतो, आणि ती ठेवायची नाही असे ठरले तरी ती जाणार कुठे हे ठरलेले नसते. मग ती ‘तूर्तास’ एका पिशवीत जाते, पिशवी दाराशी बसते, आणि येता-जाता ती दिसत राहिली की उरलासुरला हुरूपही ओसरतो. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: वस्तू जाण्याची वाट आधी, काढणे नंतर, आणि खरेदीला लगाम या दोन्हींच्या सोबतीने.

पसारा आणि अडगळ यांतला फरक येथेच लक्षात घ्यावा. पसारा म्हणजे वापरातली पण जागेवर नसलेली वस्तू. तो रोज होतो, रोज आवरतो आणि त्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नये. अडगळ म्हणजे नीट जागेवर बसलेली, पण वर्षानुवर्षे कोणाच्या उपयोगी न पडलेली वस्तू. उत्तम आवरलेल्या घरातही अडगळ भरपूर असू शकते, किंबहुना नीटनेटक्या घरात ती जास्त काळ टिकते, कारण ती कोणाच्या पायात येत नाही.

जाण्याची वाट आधी ठरवावी

कपाटाला हात लावण्यापूर्वी रद्दीवाल्याला आणि भंगारवाल्याला फोन करून येण्याचा दिवस ठरवून घ्यावा. शनिवारी सकाळी माणूस दारात येणार आहे हे ठाऊक असले की शुक्रवारी रात्री हात आपोआप चालतात. उत्साह येण्याची वाट पाहण्यापेक्षा हा उपाय पुष्कळ खात्रीचा आहे. रद्दीत आधार-पॅनच्या प्रती आणि बँकेची विवरणपत्रे जाणार असतील तर ती आधी फाडावीत.

कपड्यांसाठी बोहारीण ही आपल्याकडची जुनी आणि चोख व्यवस्था आहे, पण तिच्यात एक गंमत आहे. कपड्यांचे गाठोडे जाते आणि त्याच्या बदल्यात एक पातेले किंवा प्लास्टिकचे टोपले घरात येते. घासाघीस करून मोठे भांडे मिळवल्याचा आनंद खरा असला तरी त्या भांड्याला जागा आपल्यालाच द्यायची असते. म्हणून तिच्याकडून काय घ्यायचे हे आधी ठरवावे, आणि नड नसेल तर लहानात लहान वस्तू घ्यावी. वापरण्याजोगे धुतलेले कपडे ‘गूंज’ या १९९९ पासून काम करणाऱ्या संस्थेच्या संकलन केंद्रांवरही देता येतात. मुंबईसह अनेक शहरांत ती आहेत. मात्र फाटके-विटके कपडे ‘गरिबांना होतील’ म्हणून पाठवू नयेत, त्यांची फडकी करावीत किंवा मऊ सुती लुगडी गोधडीसाठी बाजूला काढावीत.

बंद पडलेले मोबाइल, चार्जर आणि वायरी भंगाराच्या ढिगात टाकू नयेत. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी अशा उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्या जुनी उपकरणे परत घेतात. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून फोनमधला मजकूर पुसावा. मुदत संपलेली औषधे, बॅटरीचे सेल आणि ट्यूबलाइट यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा नेते, त्यामुळे तेथे दारावर येणाऱ्या ताईंनाच विचारावे.

तीन शिट्ट्यांचा एक खण

आता सुरुवात. माळ्यापासून मुळीच करू नये. माळा वर्षातून दोनदा दिसतो, त्यामुळे तो रिकामा झाल्याचे समाधानही वर्षातून दोनदाच मिळते. दिवसातून दहा वेळा उघडावा लागणारा खण निवडावा, म्हणजे केलेल्या कामाचे फळ दहा वेळा डोळ्यांसमोर येते आणि पुढचा खण उघडावासा वाटतो.

वेळेचे माप मी कुकरचे ठेवले आहे. कुकर लावला की तीन शिट्ट्या होऊन तो निवेपर्यंत साधारण पंचवीस मिनिटे मिळतात; तेवढ्यात एक खण होतो. पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातला चमच्यांच्या खालचा खण ओट्यावर उपडा केला तेव्हा त्यातून निघालेल्या वस्तू अशा होत्या: वाळून चिकट झालेली रबरे, सॉसची सतरा पाकिटे, कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या चार किल्ल्या, निरांजनाच्या वातींची तीन अर्धवट पुडकी, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांचे तुकडे, विकून टाकलेल्या टीव्हीचा रिमोट आणि त्या टीव्हीचेच गॅरंटी कार्ड. तीन पुडक्यांतल्या वाती एका डबीत आल्या, लाटणे आणि किसणी तेथे राहू लागली, बाकीचे गेले. तिसरी शिट्टी होण्याआधीच काम संपले होते.

दोन पथ्ये पाळावीत. एक, उपडा केलेला खण त्याच बैठकीत परत लागला पाहिजे. दुसरा खण उघडण्याचा मोह झाला तरी आवरावा. दोन, सुरुवातीला डबे, टोपल्या, कप्पे यांची खरेदी करू नये. ‘आधी छान डबे आणू, मग लावू’ हा अडगळ आवरण्याच्या नावाखाली अडगळ आणण्याचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार आहे. सामान कमी झाले की निम्मे डबे घरातच रिकामे होतात.

सोप्याकडून अवघडाकडे

पहिल्या फेरीत फक्त तुटलेले, मुदत संपलेले आणि जोड हरवलेले काढावे: झाकणाविना डबे, डब्याविना झाकणे, एकटे मोजे. त्यात निर्णय असा नसतोच, त्यामुळे मनाला थकवा येत नाही. दुसऱ्या फेरीत एकाच कामाच्या अनेक वस्तू एकत्र मांडाव्यात. सांडशी, गाळणी, कात्री, छत्री या घरभर विखुरलेल्या असतात आणि एकत्र आल्याशिवाय त्यांची संख्या कळत नाही. आमच्याकडे चार माणसांत अकरा छत्र्या निघाल्या, त्यांतल्या सहा उघडत नव्हत्या.

तिसरी फेरी ‘लागेल कधीतरी’ची, आणि गाडे येथेच अडते. हातची वस्तू आपल्याला तिच्या खऱ्या किमतीपेक्षा मोलाची वाटते, हे केवळ आपल्या मनाचे दुबळेपण नव्हे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफी पिण्याचे साधे मग दिले. ज्यांना मग मिळाले त्यांनी तो विकण्यासाठी सांगितलेली किंमत ही मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट होती. तो मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती. येथे तर वीस वर्षांच्या सहवासाचा प्रश्न आहे. यावर एक प्रश्न मला उपयोगी पडतो: ही वस्तू आज दुकानात दिसली तर मी तिच्यासाठी किती पैसे मोजेन? उत्तर ‘फुकट दिली तरी विचार करीन’ असे आले की निकाल लागला.

‘पडून राहिली तर काय बिघडले, तिला खायला थोडेच लागते’ असे घरातले कोणी म्हणाले तर हिशेब मांडून दाखवावा. समजा घराचा भाव चौरस फुटाला ८,००० रुपये आहे. तीन फूट बाय दोन फुटांचे बंद कपाट सहा चौरस फूट जागा अडवते, म्हणजे ४८,००० रुपयांची जमीन आपण जुन्या मिक्सरला आणि लग्नात आलेल्या घड्याळांना राहायला दिली आहे.

आठवणींच्या वस्तू चौथ्या फेरीत, सवडीने. माझ्या सासूबाईंच्या पितळी भांड्यांबद्दल मी एकदा घाई केली होती. ‘आई, ही कोणी वापरत नाही, मोडीत देऊया का?’ असे विचारल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सगळी चिंचेने लख्ख घासून मांडून ठेवली. त्यानंतर आम्ही बसून त्यांतले प्रत्येक भांडे कोणाचे ते त्यांच्या तोंडून ऐकले. घंगाळ आणि एक तांब्या ठेवला, नावे कोरलेली दोन पातेली नणंदांकडे गेली आणि उरलेले मोडीत देण्याचा निर्णय त्यांनी स्वतः सांगितला. दुसऱ्याची वस्तू त्याच्या नकळत काढू नये, हा नियम मुलांच्या खेळण्यांनाही लागू आहे. एकदा विश्वास गेला की पुढे घरातला प्रत्येक जण आपापली अडगळ लपवू लागतो.

येणाऱ्या वस्तूंचा दरवाजा

हुरूप टिकत नाही याचे दुसरे कारण असे की महिनाभर काढलेले एका सेलमध्ये परत येते. खरेदीत सगळे वाईट असे नाही. पाडव्याला किंवा धनत्रयोदशीला काहीतरी घ्यावेसे वाटणे यात गैर काय? फक्त काय घ्यायचे ते सणाच्या आदल्या महिन्यातच ठरलेले असावे. त्यासाठी फ्रिजवर एक कागद लावावा आणि हवीशी वाटलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह त्यावर लिहावी. तीस दिवसांनी तो कागद वाचताना निम्म्या ओळी आपल्याला परक्याच्या वाटतात.

मोबाइलवरच्या खरेदीत अडथळे मुद्दाम निर्माण करावेत: साठवलेले कार्ड काढून टाकावे, सेलच्या सूचना बंद कराव्यात, रात्री दहानंतर काही मागवू नये. ‘फक्त दोन नग शिल्लक’ असे खोटेच सांगून घाई करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, नकार देणाऱ्याला ओशाळवाणे करणे या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी मनाई केली आहे. असे तेरा प्रकार त्यांत आहेत. डिलिव्हरीचे चाळीस रुपये वाचवण्यासाठी नव्वद रुपयांची नको असलेली वस्तू घेणे हे मात्र आपले आपणच थांबवायचे असते. बिनव्याजी हप्त्यांचेही तसेच. शून्य टक्के व्याज अशी कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

किराणा हा वेगळा विषय आहे, कारण तेथे जास्त आणणे म्हणजे काटकसर असे आपल्या मनावर बिंबलेले असते. वर्षाचे गहू-तांदूळ उन्हाळ्यात वाळवून भरण्याची पद्धत मोठ्या कुटुंबाला आणि कोरड्या कोठीला शोभणारी होती. तीन माणसांच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात तांदळाला सोंडे लागतात, रव्याला जाळी धरते आणि ‘एकावर एक’ मिळालेले बेसन कडवट होते. वाण्याची यादी करण्यापूर्वी डबे उघडून पाहावेत. रवा महिन्यापुरताच आणावा आणि भाजून ठेवावा. नवे पाकीट जुन्याच्या मागे ठेवण्याची सवय लागली तर निम्मा अपव्यय टळतो.

शेवटी भेटवस्तू, ज्यांना नाही म्हणता येत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जाऊन आले की घरात डझनभर प्लास्टिकच्या डब्या, साबणदाण्या आणि गाळण्या जमतात. आपल्या घरच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून गुळाची ढेप, तिळाचे पुडे, अंगाचा साबण असे संपणारे काहीतरी लुटावे. दोन-तीन वर्षांत मैत्रिणीही तसेच करू लागतात, असा माझा अनुभव आहे. ओटीत आलेले ब्लाउजपीस तर शिवण्यासाठी नसून फिरण्यासाठीच जन्माला आलेले असतात. ते फिरते ठेवण्यास हरकत नाही, पण प्रत्येकावर देणारीचे नाव लिहिलेली चिठ्ठी टाचून ठेवावी. चिठ्ठीअभावी मी एका मावशींचा ब्लाउजपीस त्यांच्याच ओटीत घातलेला आहे, आणि त्यांनी तो काठावरून ओळखला.

हे सगळे झाल्यावर माळा

खाली जागा झाली की माळ्याला हात घालावा, आणि तोही शिडी धरायला दुसरे माणूस घरात असताना. तेथे वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तूच राहाव्यात: गणपतीचे मखर, आकाशकंदील, पाहुण्यांची गादी, प्रवासाच्या बॅगा. मोठी बॅग रिकामी न ठेवता लहान बॅग तिच्या पोटात घालावी. काय कोणत्या कोपऱ्यात आहे याची यादी जाड कागदावर लिहून माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी, खाली तारीख घालावी आणि एखादी वस्तू वापरायला काढली की तिच्या ओळीपुढे खूण करावी. पुढच्या वर्षी मखर काढायला वर चढाल तेव्हा यादीतल्या ज्या ओळीपुढे वर्षभरात एकदाही खूण झालेली नसेल, ती वस्तू मखरासोबतच खाली आणावी आणि त्याच शनिवारी भंगारवाल्याला बोलवावे.