बेसमेंटमधल्या बेसबॉल कार्डांचं करायचं काय?

अमेरिकेत घर विकायला काढलं किंवा मुलांची खोली रिकामी करायला घेतली, की १९८७ ते १९९३ च्या बेसबॉल कार्डांची (पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची आकडेवारी असलेली पुठ्ठ्याची कार्डं) खोकी वर येतात. मराठी घरांतही येतात. त्यांचं मोल ठरवताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. १९५२ सालची कार्डं महाग आहेत, कारण मुलांनी ती खेळून, सायकलच्या आऱ्यांत अडकवून, फेकून संपवली. १९८७ नंतरची कोणी फेकलीच नाहीत. १९८१ मध्ये कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीची मक्तेदारी मोडून फ्लीअर आणि डॉनरस आले, १९८८ मध्ये स्कोअर, १९८९ मध्ये अपर डेक. सगळ्यांनी बाजार मागेल तेवढी छपाई केली आणि लोकांनी ती ‘पुढे कामाला येतील’ म्हणून जपून ठेवली. त्यामुळे हजारातली नऊशे नव्वदहून अधिक कार्डं विकून टपालखर्चही निघत नाही. मात्र उरलेली शोधल्याशिवाय खोकं उचलून देऊ नये.

पहिली वाटणी खेळाडूनुसार करू नका, वर्ष आणि कंपनीनुसार करा. कार्डाच्या मागे आकडेवारीची शेवटची ओळ ज्या वर्षाची असेल, त्यात एक मिळवा. शेवटची ओळ १९८९ ची असेल तर कार्ड बहुतेक १९९० चं. १९८७ चं टॉप्स लाकडी चौकटीवरून लांबूनच ओळखू येतं. गठ्ठ्यांना रबर लावू नका, कडांना खाच पडते. जुनं रबर वितळून चिकटलं असेल तर ओढू नका. बाकीचा गठ्ठा मोकळा करा आणि ते एक कार्ड गेलं असं समजा.

आता वेगळी काढायची कार्डं. १९८९ चं अपर डेक क्रमांक १, केन ग्रिफी ज्युनियर: भरपूर छापलं गेलं, तरी मागणी टिकून आहे. १९९० च्या टॉप्समध्ये क्रमांक ४१४, फ्रँक थॉमस: पुढच्या बाजूला नावाची जागा कोरी असेल तरच ते मोलाचं, नाव असलेलं अगदी साधं. १९८९ फ्लीअर क्रमांक ६१६, बिली रिपकेन: बॅटच्या मुठीवर शिवी लिहिलेली दिसते. ती काळ्या चौकोनाने झाकलेली आवृत्ती सर्रास मिळते, पांढऱ्याने झाकलेली दुर्मीळ. १९९३ चं अपर डेकच्या एसपी संचातलं क्रमांक २७९, डेरेक जीटर: चमकत्या फॉइलच्या कडा लगेच सोलवटतात, म्हणून निर्दोष कार्डाला मोठी किंमत आहे. बास्केटबॉलचं १९८६ फ्लीअर क्रमांक ५७, मायकेल जॉर्डन निघालं तर हात आवरा. त्याच्या नकला इतक्या आहेत की जाणकाराने पाहिल्याशिवाय विकू नये.

दोन प्रकार नजरेतून सुटतात. टॉप्सच्या ‘टिफनी’ संचातली कार्डं साध्यासारखीच दिसतात, पण पुढून तकतकीत असतात आणि मागचा पुठ्ठा मातकट नसून पांढरा असतो. दुसरा प्रकार म्हणजे १९९१ च्या टॉप्सवरचा सोनेरी ‘डेझर्ट शील्ड’ शिक्का. ती कार्डं आखाती युद्धातल्या सैनिकांसाठी पाठवली होती. इथेही बनावट शिक्के आहेत.

वेगळं काढलेलं प्रत्येक कार्ड दिव्याखाली तिरकं धरून पाहा. चारही कोपरे भिंगातून तपासा. चित्राच्या डावी-उजवीकडची किनार सारखी आहे का बघा. त्या काळी छापलेले मोठे ताव घाईने कापले जात, त्यामुळे पाकिटातून थेट निघालेलं कार्डही वाकडं असू शकतं. मेणकागदाच्या पाकिटातल्या कडेच्या कार्डाला मेणाचा डाग असतो. तो नायलॉनच्या जुन्या पायमोज्याने हलकेच पुसला तर बहुतेकदा निघतो. पाकिटात कार्डांबरोबर येणाऱ्या च्युइंगगमचा डाग मात्र पुठ्ठ्यात मुरलेला असतो, तिथे घासू नका. चांगलं कार्ड आधी मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, मग कडक प्लास्टिकच्या टॉपलोडरमध्ये. पीव्हीसीच्या जुन्या खिशांतून काढून टाका, ते चिकट होतात.

१९९१ नंतरची चकचकीत कार्डं दमट बेसमेंटमध्ये विटेसारखी चिकटतात. सुरी घालू नका. वीट दोन्ही हातांत धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला अगदी किंचित वाकवा. कड् असा आवाज येत कार्डं सुटतात. काहींची छपाई निघून येईल, ते टळत नाही.

किंमत पाहताना ईबेवर ‘विकले गेलेले’ हा गाळणीचा पर्याय लावा. विक्रेता मागतो ती किंमत काहीच सांगत नाही. पीएसएकडे (कार्ड तपासून १० पैकी गुण देणारी कंपनी) दर्जा ठरवायला पाठवण्याआधी वजाबाकी करा: शुल्क, दोन्ही बाजूंचं टपाल, आणि कार्डाला १० ऐवजी ९ मिळाले तर येणारी किंमत. १९८८ च्या साध्या कार्डाला पैसे खर्चून दर्जा घेणं म्हणजे निव्वळ तोटा. न फोडलेला डबा असेल तर फोडू नका. १९८७ च्या टॉप्सच्या डब्यात १७ कार्डांची ३६ पाकिटं असतात आणि बंद डब्याला आतल्या कार्डांपेक्षा जास्त गिऱ्हाईक असतं.

उरलेली विकायची तर संघानुसार गठ्ठे बांधा आणि जवळच्या जवळ, हातोहात द्या. एक कार्ड सुमारे पावणेदोन ग्रॅमचं, म्हणजे ५,००० चं खोकं जवळपास ९ किलो. कार्डांना पुस्तकांचा स्वस्त टपालदर लागू होत नाही. भारतात परतणाऱ्यांनी २३ किलोच्या बॅगेतली जागा यावर घालवू नये, घरच्यांच्या आवडत्या खेळाडूंची एक नऊ खिशांची वही पुरे.

साधी कार्डं सह्या घ्यायला उत्तम, खास करून टॉप्स आणि डॉनरसची, कारण त्यांच्यावर शाई धरते. अपर डेकच्या गुळगुळीत पृष्ठावर शाई थेंब धरून पसरते. आधी थोडी टाल्कम पावडर चोळून पुसून घ्या. शाळेलाही देता येतात: मागच्या आकड्यांवरून फलंदाजीच्या ५०० संधींत (अ‍ॅट-बॅट) १५० हिट म्हणजे सरासरी .३०० हे मुलं लगेच काढतात आणि दशांश अपूर्णांक पक्के होतात. मुलांच्या रुग्णालयात द्यायची असतील तर आधी फोन करून विचारा, आणि बुरशीचा वास येणारी एकही पाठवू नका. ती ओलसर कार्डं आणि फॉइलवाली कचऱ्यात. कोरडा, साधा पुठ्ठा तुमच्या गावच्या नियमाप्रमाणे कागदाच्या रद्दीत जातो.