इमारतीला परांची लागण्याआधी

दिवाळी झाली की ठाणे-नवी मुंबईत सोसायट्यांची कामं निघतात. गळती, गिलावा, रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारती असोत की घोडबंदर रोडवरचे टॉवर, भिंतीला लटकून काम करणारी माणसं बहुतेक बाहेरगावची असतात. कुणी कलबुर्गी-यादगीरकडचे, कुणी बिहार-झारखंडचे, कुणी मालदा-मुर्शिदाबादचे, तर कुणी आपल्याच जालना-वाशिमचे. रंगाची शेड, वॉरंटी, गाड्या कुठे हलवायच्या, यावर कमिटीच्या तीन-तीन बैठका होतात. या माणसांचा विषय मात्र अपघात झाल्यावरच निघतो. म्हणून ही यादी, काम देणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी.

सुरुवात वर्क ऑर्डरपासून करा. नाक्यावरून आलेल्या माणसाची मजुरी हाजरीवर ठरते आणि हाजरी मुकादमाच्या वहीत असते. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते, बाकीचा हिशेब काम संपल्यावर. ‘हा दोर मला ठीक वाटत नाही, मी चढत नाही’ असं या माणसानं म्हणायचं कसं? त्याचे महिन्या-दोन महिन्यांचे पैसे अडकलेले असतात. त्यामुळे माझ्या मते सुरक्षेची पहिली अट पैशाची आहे. मजुरी दर आठवड्याला पूर्ण, थेट कामगाराच्या खात्यात किंवा हातात. अवकाळी वारा-पाऊस आला आणि काम थांबवलं, तर त्या दिवसाची हाजरी कापायची नाही. दोर, परांची किंवा वायर सदोष वाटली म्हणून कुणी काम नाकारलं, तर त्याचीही नाही. हे लेखी लिहून घ्या आणि त्या दिवसांचे पैसे सोसायटी भरेल हेही लिहा, नाहीतर ठेकेदार ते दुसरीकडून वसूल करेल. परांची, जाळी, हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे), दोर यांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत मागवा. तो एकूण दरात मिसळलेला असला की घासाघीस करताना सगळ्यात आधी तोच कापला जातो, आणि सर्वात कमी दरवाल्याला काम दिल्याचं समाधान घेऊन आपण घरी जातो.

त्याच वेळी ठेकेदाराकडून कामगार भरपाईच्या विम्याची प्रत घ्या. कव्हर पानावर थांबू नका; आपल्या इमारतीचा पत्ता, कामाची मुदत, माणसांची संख्या आणि उंचीवरचं काम त्यात धरलंय का, हे वाचा. कामावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर असलेली वही सोसायटीच्या ऑफिसात हवी. अठराच्या आतलं कुणी दिसलं तर काम तिथंच थांबवा.

आता गच्चीवर चला, कारण सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायचा आहे. रंगारी ज्या झुल्यावर बसून खाली उतरतो त्याचा दोर बांधायला त्याला जे दिसेल ते तो वापरतो: डिशचा स्टँड, गंजका पाइप, पाण्याच्या टाकीचा खांब, कधी नुसता कठडा. जुन्या इमारतीच्या कठड्यातली सळई गंजून फुगलेली असते. बाहेरून नवा गिलावा दिसतो, आत काही उरलेलं नसतं. स्ट्रक्चरल ऑडिट करणारे इंजिनिअर आपण पैसे देऊन आणलेलेच असतात. दोर कुठे बांधायचे ते त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि त्या जागांवर लाल रंगानं खूण करा. प्रत्येक माणसाला दोन दोर हवेत. एकावर झुला, दुसऱ्यावर त्याचा जीव, म्हणजे हार्नेसची लाइफलाइन. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. कठड्याच्या कडेवर दोर घासतो तिथं गोणपाटाची जाड घडी किंवा कापलेला रबरी पाइप. नायलॉनचा दोर उन्हानं आणि भिंत धुवायच्या अ‍ॅसिडनं कमकुवत होतो, आणि ते वरून लगेच कळत नाही. म्हणून रोज सकाळी दोर हातातून पूर्ण फिरवून बघायचा. धागे तुटलेले, कडक झालेले किंवा रंग उडालेले असतील तर तो दोर तिथंच कापून टाकायचा. बाजूला ठेवलेला दोर दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरात येतो.

हार्नेस पूर्ण अंगाचा, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मागा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर माणूस पडला तर सगळा हिसका कमरेत आणि मणक्यात बसतो. हार्नेसचा हुक डोक्याच्या वर अडकवायचा. हे सांगताना एक हिशेब मांडा, कारण तो ऐकला की माणसं स्वतःहून वर हुक लावतात. हुकाची दोरी साधारण १.८ मीटर, धक्का सोसणारी पट्टी उघडली की आणखी मीटरभर, त्यात माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा. हुक पायाशी लावला तर खाली सहा मीटरच्या आसपास जागा लागते. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचा माणूस हार्नेस घालूनही जमिनीवर आदळू शकतो. शिवाय हार्नेसमध्ये अडकून लोंबकळणारा माणूस सुखरूप आहे असं समजू नका. मांड्यांवरच्या पट्ट्यांनी रक्त पायात अडकतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दल येईपर्यंत थांबायला तेवढा वेळ नसतो. त्याला वर ओढायचं की खिडकीतून आत घ्यायचं, कोण ओढणार, कुठल्या फ्लॅटची ग्रिल उघडते, हे पहिल्याच दिवशी एकदा प्रत्यक्ष करून बघा. हेल्मेट आयएस २९२५ चं आणि हनुवटीखाली पट्टा बांधलेलं असावं. त्यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

सामान चढवायच्या होइस्टवर माणसानं बसायचं नाही, एकदाही नाही. आणि माणसांसाठीची लिफ्ट असली तरी तिची तपासणी झाल्याचा कागद डोळ्यांनी पाहा. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला एका ४० मजली इमारतीत लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. ते गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून खाली येत होते. आपण काढतो तेच काम. सोसायटीची लिफ्ट कामगारांना बंद ठेवायची असा ठराव काही ठिकाणी होतो. दहा-बारा मजले पायऱ्या चढून दमलेला माणूस मग त्याच होइस्टवर बसतो. लिफ्ट वापरू द्या, आतून प्लायवूड लावा.

विजेचं थोडक्यात. तात्पुरत्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच हवा आणि त्याचं टेस्ट बटण रोज दाबून बघायचं. सॉकेटमध्ये उघड्या तारा काडीनं खोचलेल्या दिसल्या तर ग्राइंडर बंद करून थ्री-पिन आणून द्या. फार खर्च नाही तो.

पाण्याच्या टाकीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. जमिनीखालच्या टाकीला आतून कोटिंग करायचं असेल, किंवा नव्या टाकीतलं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या-टेकू काढायचे असतील, तर आत प्राणवायू कमी असू शकतो आणि द्रावकाची वाफ साठलेली असू शकते. बंद टाकीत ओल्या लाकडाच्या कुजण्यानंही प्राणवायू संपतो. अशा टाकीत एक उतरतो, कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उडी टाकतो, मग तिसरा. सगळी झाकणं आदल्या दिवशीपासून उघडी ठेवा, त्यांना जाळी लावा, ब्लोअरनं ताजी हवा आत सोडत राहा, आणि प्राणवायू मोजायचा मीटर भाड्यानं आणा. हवेत तो २१ टक्क्यांच्या जवळपास असतो, १९.५ च्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही. मेणबत्ती सोडून बघायची जुनी रीत इथं घातक आहे, वाफ पेट घेते. डिझेलचा पंप आत ठेवायचा नाही. उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस, दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात, आणि त्या वरच्या माणसानं काहीही झालं तरी आत उडी मारायची नाही. ओढायचं.

हे सगळं सांगणार कोण आणि कुठल्या भाषेत? ‘समजलं ना?’ असं विचारलं की सगळे माना डोलावतात. यादगीरच्या माणसाला कन्नडमधून, मालद्याच्या माणसाला बंगालीतून सांगणारा सोबती त्याच टोळीत शोधा. मग एकेकाला म्हणा, आता तू करून दाखव. हुक लावून दाखव, गाठ मारून दाखव. पाटीपेक्षा हे कितीतरी उपयोगी पडतं.

ऊन हलक्यात घेऊ नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ माणसं गेली, आणि ती नुसती बसलेली होती. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीचं काम सकाळी लवकर सुरू करा, दुपारी बारा ते चार बंद. गच्चीवरच पिण्याचं पाणी, मीठ-साखर, सावलीला ताडपत्री. वॉचमनचं स्वच्छतागृह कामगारांना उघडं करा. बायका असतील तर त्यांच्यासाठी आतून कडी लागणारं वेगळं हवं, नाहीतर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांची लहान मुलं सोबत असतात. परांचीखाली खेळण्यापेक्षा सोसायटीच्या ऑफिसात सतरंजी टाकून बसू द्यात.

१०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. उंचावरून पडलेल्याला हात-पाय धरून उचलू नका, मणका दुखावलेला असेल तर कायमचा जायबंदी होतो. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय, आपल्याला जवळचं कुठलं आणि रात्री तिथं काय सोय असते, हे आधीच विचारून ठेवा. पोलीस केस आहे म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय; नेताना सोबत कमिटीचा माणूस असला की हे ठामपणे म्हणता येतं.

शेवटी दाखला. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झालेल्याच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आणि तो कामावर दगावला तर वारसाला पाच लाखांची मदत. मोठ्या सोसायटीचं काम तीन-चार महिने चालतं, म्हणजे दिवस आपल्याच इमारतीवर भरतात. अडतं ते ठेकेदाराच्या सहीवर. ती सही वर्क ऑर्डरमध्ये अट म्हणून घाला आणि शेवटचं बिल त्याशिवाय काढू नका. ते मे संपायच्या आत करा, कारण मृग लागला की निम्मी माणसं पेरणीला गावी निघून जातात. जो आधीच गेला असेल त्याचा दाखला वहीतल्या नंबरवर फोटो काढून पाठवा आणि मूळ प्रत ऑफिसात जपून ठेवा.