पोर्ट उघडं आहे, तरी सर्व्हर एकमेकांशी बोलत नाहीत? या चुका टाळा

दोन सर्व्हरच्या मध्ये फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा सोडणारी किंवा अडवणारी यंत्रणा) असली की बरेच जण आधी पिंग करून बघतात. पिंग आयसीएमपी या प्रोटोकॉलवर चालतो, ॲप्लिकेशन टीसीपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर. एकाला वाट मिळाली म्हणून दुसऱ्याला मिळेलच असं नाही. जो सर्व्हर कनेक्शन सुरू करतो, त्याच्यावरूनच नेमक्या पोर्टवर नेटकॅट (पोर्टशी जोडणी होते का ते बघायचं साधन) चालवा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं, तर बहुधा पलीकडे त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाहीये. बराच वेळ ताटकळून ‘टाइम्ड आउट’ आलं, तर पहिला संशय फायरवॉलवर घ्या.

जावा आरएमआय (दुसऱ्या सर्व्हरवरच्या जावा ऑब्जेक्टला कॉल करायची सोय) वापरत असाल तर फक्त १०९९ हा पोर्ट उघडून भागत नाही. तिथे नुसती रजिस्ट्री, म्हणजे ऑब्जेक्ट कुठे आहे ते सांगणारी यादी, असते. खरा ऑब्जेक्ट वेगळ्या पोर्टवर असतो, आणि तो पोर्ट ठरवून दिला नसेल तर दर वेळी कुठलाही मिळतो. लुकअप यशस्वी होतं, पुढचा कॉल अडकतो. यावर ‘सगळेच पोर्ट उघडा’ अशी मागणी करू नका; ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट करतानाच पोर्ट पक्का करा. आरएमआयचं होस्टनेमही क्लायंटला पोहोचता येईल असंच द्या.

सगळ्यात जास्त छळते ती निष्क्रिय कनेक्शनची चूक. दिवसभर सगळं सुरळीत, रात्री वर्दळ नाही, आणि सकाळची पहिली विनंती लटकते. काही वेळ हालचाल नसली की फायरवॉल त्या कनेक्शनची नोंद पुसते आणि बऱ्याचदा दोन्ही टोकांना कळवतही नाही. पूलला (पुन्हा वापरण्यासाठी कनेक्शन उघडी ठेवणाऱ्या भागाला) ते कनेक्शन जिवंतच वाटतं. लिनक्स मूळ सेटिंगवर तोच डेटा साधारण १५ मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, मग हार मानतो. ‘आमचं कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते बघणारा छोटा संदेश) चालू आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही, कारण लिनक्समध्ये मूळ सेटिंगवर पहिला कीपअलाइव्ह ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातो. नेटवर्क टीमकडून फायरवॉलची निष्क्रियतेची मर्यादा विचारून घ्या. कीपअलाइव्ह आणि पूलमधला निष्क्रिय काळ, दोन्ही तिच्यापेक्षा कमी ठेवा. कनेक्शन तपासणाऱ्या क्वेरीलाही टाइमआउट द्या, नाहीतर तीच अडकून बसते.

क्लस्टरचे नोड (एकत्र काम करणारे सर्व्हर) मल्टिकास्टने, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवून, एकमेकांना शोधत असतील, तर फायरवॉलपलीकडचे नोड सहसा दिसत नाहीत. त्यांचे पत्ते सेटिंगमध्ये थेट लिहा आणि शोध टीसीपीवरून होऊ द्या.