शाळेत समूहगान शिकवायला येताना

जून महिन्यात शाळेत रुजू झाले तेव्हा माझ्याकडे शास्त्रीय गायनाच्या विशारद परीक्षेचं प्रमाणपत्र होतं, स्वतःची पेटी होती आणि अर्धा तास यमन राग मांडता येईल एवढा रियाज होता. पहिल्या आठवड्यात सहावीच्या दोन तुकड्या एकत्र करून बासष्ट मुलं माझ्यासमोर बसवली गेली. मी पेटीवर स्वर धरला आणि म्हटलं, "सा लावा." खोलीत निदान वीस सा उमटले. कुणी माझ्या सा-च्या खाली, कुणी वर पंचमाशी, मागच्या बाकावरची काही मुलं नुसतीच ओरडत होती. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत मी सात परीक्षा दिल्या होत्या, पण अशा खोलीत काय करायचं, हे त्यांत कुठेच नव्हतं.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. दरवर्षी कुणी ना कुणी मुलगा-मुलगी विचारायला येते, "ताई, शाळेत संगीत शिक्षक व्हायचंय, काय काय लागतं?" त्यांना जे सांगते ते इथे लिहिते आहे.

आधी नोकरीचं बोलू, कारण घरचे तेच विचारतात. आपल्याकडच्या अनुदानित मराठी शाळांमध्ये संगीताचं स्वतंत्र पूर्णवेळ पद क्वचित असतं. गाण्याची आवड असलेल्या मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या बाईंकडेच प्रार्थना, परिपाठ आणि स्नेहसंमेलन सोपवलेलं असतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं म्हटलं आहे. मात्र अंशकालीन म्हणजे अंशकालीन. त्यावर घर चालवायचं ठरवू नका, सोबत शिकवण्या धराव्या लागतात. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक शिक्षक (संगीत) हे स्वतंत्र पद आहे. त्याला संगीतातली पदवी लागते, आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होतं. नवोदय विद्यालयातही संगीत शिक्षक असतो. तिथे राहणं आवारातच, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेपासून संध्याकाळच्या सरावापर्यंत मुलं तुमच्याजवळ. समूहगान घडवायला मला तरी याहून चांगली जागा सुचत नाही.

खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळा सर्वांत जास्त जागा काढतात. तिथे जाताना दोन गोष्टी लेखी घ्या: पगार बारा महिन्यांचा की दहा, आणि आठवड्याला तासिका किती. माझ्या उमेदीच्या काळात एका शाळेने मला मे महिन्याचा पगार दिलाच नाही. नेमणुकीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. आठवड्याला तीस-तीस तासिका गाऊन शिकवायच्या असतील तर गळा किती दिवस टिकेल, याचाही विचार तेव्हाच करा.

पदवी की विशारद, असं पुष्कळ जण विचारतात. दोन्ही करा. सरकारी जाहिरातींत पदवी मागतात, आणि विशारद असेल तर मुलांना अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवण्याची तुमची तयारी होते. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालक आपणहून चौकशी करायला लागले आहेत. शाळेबाहेरच्या शिकवणीचा बराचसा आधार याच परीक्षांवर उभा आहे. स्वर लिहायची लिपी मात्र पक्की हवी. पलुस्कर पद्धत असो की भातखंडे, गाणं स्वरलिपीत उतरवता आलं पाहिजे. मोबाइलवरचं गाणं लावून "असं म्हणा" एवढंच करत राहिलात तर मुलं त्या गायकाची नक्कल करतील आणि तुमच्या हातात काही राहणार नाही.

आता पट्टीचं, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरून गायचं त्याचं. माझ्या हातून पहिली दोन वर्षं जी चूक झाली ती जवळजवळ प्रत्येक नवा शिक्षक करतो. आपण आपल्या पट्टीत शिकवतो. माझी पट्टी काळी चार. तिसरी-चौथीची मुलं मुखडा म्हणायची तेव्हा आवाज जणू जमिनीत जायचा, अंतऱ्याला एकदम उसळायचा. मी "मोठ्याने म्हणा" म्हणून रागवायचे. खरं तर त्या गाण्याचा मुखडा मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प-पर्यंत उतरत होता, आणि काळी चारचा मंद्र पंचम आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात नसतोच. गाणं पांढरी सातपर्यंत चढवलं, मुखड्यातली मंद्राची जागा थोडी बदलून घेतली आणि तीच मुलं न रागवता गाऊ लागली. पुरुष शिक्षकांचं उलटं होतं. ते काळी एक-दोनमध्ये गातात, मुलं साहजिकच एक सप्तक वर धरतात, आणि अंतरा तार गंधार-मध्यमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग-म ला गेला की शिरा ताणून किंचाळतात. म्हणून गाणं निवडल्यावर आधी त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पेटीवर शोधा, ते दोन्ही मुलांकडून म्हणवून घ्या आणि मग पट्टी ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

पेटीबद्दल थोडं वेगळं मत आहे माझं. शिकवताना पेटी हवीच, पण सरावाचा निम्मा वेळ ती बंद ठेवा आणि तानपुरा लावा, इलेक्ट्रॉनिक चालेल, मोबाइलवरचाही चालेल. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या झंकारातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. शिवाय पेटी सतत वाजत राहिली की मुलं एकमेकांना ऐकायचं सोडून देतात. पहिल्यांदा पेटी बंद कराल तेव्हा गाणं सुरातून उतरेल, तिसऱ्या कडव्यापर्यंत अर्धा स्वर खाली जाईल. घाबरू नका. कोणत्या ओळीवर उतरतं ते ऐका. बहुतेकदा लांब अवरोही ओळ असते, किंवा श्वास चुकीच्या जागी घेतलेला असतो. वहीत श्वासाच्या जागी उभी रेघ मारून द्या आणि सगळ्यांचा श्वास तिथेच होऊ द्या.

आणि पेटी वाजवत असाल तर हात मोकळे नसतात. ही गोष्ट मला पावसाने शिकवली. आमचा सभागृहाचा पत्रा, जुलैत त्यावर पाऊस सुरू झाला की माझा आवाज दुसऱ्या रांगेलाही जात नसे. तेव्हा तबल्याच्या साथीला आठवीची एक मुलगी बसवली, पेटी दुसऱ्या एका मुलीकडे दिली आणि मी मुलांसमोर उभी राहून हाताने सांगायला लागले: इथे सुरू, इथे थांबा, इथे हळू, हा 'श' सगळ्यांचा एकदम. शब्दाच्या शेवटचा 'स' किंवा 'श' चाळीस जणांनी चाळीस वेळी सोडला तर श्रोत्यांना सापाचा फुत्कार ऐकू येतो. हाताच्या एका मिटण्यावर तो एकत्र यायला लागला, आणि पाऊस संपल्यावरही मी पेटीकडे परत गेले नाही.

आता जे सांगायला मला आजही जड जातं ते सांगते. तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी पाचवीचा गट बसवत होते. एक मुलगा सगळं गाणं एकाच स्वरात म्हणायचा, तोही मोठ्याने आणि फार आनंदाने. कार्यक्रमाला चार दिवस राहिले तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "बाळा, तू नुसते ओठ हलव." त्याने तसंच केलं. कार्यक्रमात तो पहिल्या रांगेत उभा होता, ओठ अगदी बरोबर हलत होते. जानेवारीत पालकसभेला त्याची आई आली. म्हणाली, "बाई, हा आधी घरी दिवसभर गायचा, आता आंघोळीलासुद्धा गात नाही." पुढच्या जूनमध्ये त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो शाळा सोडून गेला. मला ती चूक त्याच्यापुरती दुरुस्त करता आली नाही.

त्यानंतर मी अशा मुलांकडे नीट बघायला लागले. बहुतेक वेळा हे मूल बेसूर नसतं. त्याला एक स्वर सापडलेला असतो आणि तिथून हलायचं कसं, हे कळत नसतं. आपण त्याला आपल्या सा-कडे ओढतो, ते येत नाही, मग आपण हात टेकतो. त्याऐवजी आपणच त्याच्याकडे जायचं. तो जो स्वर म्हणतोय तो पेटीवर शोधा, त्यात त्याच्याबरोबर गा. आपले दोन आवाज एक झाले की त्याच्या चेहऱ्यावर कळतं. मग पेटीची एक पट्टी वर, पुन्हा एक पट्टी वर. मधल्या सुट्टीत पाच मिनिटं, आठवड्यातून तीनदा. पुढच्या वर्षी एका मुलीबरोबर हे केलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती सा ते प व्यवस्थित गात होती. सगळीच मुलं इतक्या लवकर येतात असं नाही, काहींना दोन वर्षं लागतात. पण तेवढ्या काळात त्यांना गटाबाहेर काढायचं नाही आणि मागच्या रांगेतही टाकायचं नाही. पक्क्या कानाच्या दोघांच्या मधे उभं करायचं.

सातवी-आठवीच्या मुलग्यांचा आवाज फुटायला लागला की हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कालपर्यंत वरचा सा लावणाऱ्या मुलाचा आवाज मधेच फाटतो, सगळे हसतात, आणि तो कायमचा गाणं सोडतो. माझ्या वर्गात हसण्याला सक्त मनाई आहे, हे मी जूनमध्येच सांगते. त्या मुलांना तीन-चार स्वरांत बसणारं काम द्या: खालचा सा धरून ठेवणं, ध्रुवपदाचा शेवटचा शब्द, तालाचे बोल म्हणणं. आवाज स्थिरावला की गटाला खालचा भरीव स्वर मिळतो, जो मुलींच्या आणि लहान मुलांच्या आवाजात कधीच मिळत नाही.

तिथूनच दोन सुरांचं गाणं सुरू करता येतं. आपल्या शाळांतलं समूहगान बहुतेक एकसुरी असतं आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मुलांना एकदा दोन ओळी एकमेकींवर ऐकू आल्या की त्यांचे कान बदलतात. सुरुवात भूपाने करा. भूपात मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे अर्ध्या स्वराची टक्कर होत नाही. निम्म्या गटाने ओळ सुरू करायची, उरलेल्यांनी तीच ओळ चार मात्रा मागून, आणि एक आवाज दुसऱ्यावर चढला तरी कानाला टोचत नाही. हे जमलं की सा-पची धरण, म्हणजे काहींनी सा आणि प सतत धरून ठेवायचे, मग एखादी खालची वेगळी ओळ. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी जरूर ऐकावं असं आपल्या जवळच बरंच आहे. संगीतकार सलील चौधरींनी 1958 मध्ये मुंबईत युथ क्वायर हा समूहगानाचा गट उभा केला. त्याआधी 1956 मध्ये व्हिक्टर परांजोतींनी मुंबईतच सुरू केलेला समूह पुढे कुमी वाडिया यांनी दीर्घकाळ चालवला आणि त्यात भारतीय रचनाही बहुस्वरी गायल्या गेल्या. गोव्यात तर चर्चच्या शाळांतून पोर्तुगीज काळापासून मुलं स्वरलिपी वाचून चार आवाजांत गात आली आहेत. पणजीला किंवा मडगावला गेलात तर नाताळच्या आधी एखाद्या चर्चमध्ये सराव ऐकायला बसा. मी एकदा बसले होते, घरी आल्यावर सगळं वर्षाचं नियोजन बदललं.

स्पर्धांबद्दल माझं मत जरा कडक आहे. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा 1967 पासून चालते, जिल्ह्याजिल्ह्यात आणखी कितीतरी होतात, आणि त्यामुळे शाळेत संगीताला मान मिळतो, हे खरंच आहे. मीही मुलांना नेते. पण स्पर्धेला मोजकीच मुलं नेता येतात, आणि ऑगस्टपासून शिक्षक त्या मोजक्या मुलांचाच होऊन जातो. उरलेले पावणेदोनशे मात्र वर्षभर परिपाठाला राष्ट्रगीत म्हणतात. तेही 52 सेकंदांत, नीट शब्दांत, न ओढता म्हणवून घेणं तुमचंच काम आहे. मी दर सोमवारी परिपाठानंतर अख्ख्या शाळेकडून दोन मिनिटं फक्त एक ओळ गाऊन घेते. मुख्याध्यापकांकडून ही दोन मिनिटं मिळवायला मला एक वर्ष लागलं.

गळ्याचं शेवटी लिहिते आहे, पण तुम्ही पहिल्या दिवसापासून पाळा. शिक्षकाचा गळा गाण्याने कमी आणि गोंगाटावर ओरडण्याने जास्त जातो. सहाव्या वर्षी माझा आवाज तीन आठवडे बसला. कानानाकघशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी आहेत असं सांगितलं आणि महिनाभर बोलणं जवळजवळ बंद केलं. त्या महिन्यात मी वर्गाला गप्प करायला टाळीचे बोल वापरायला शिकले: मी चार मात्रांचा ठेका वाजवते, मुलं तोच परत देतात, तिसऱ्या वेळी वर्ग शांत. आजही तेच चालतं. शाळेकडे छोटा ध्वनिक्षेपक मागा, तासाच्या मधे पाणी प्या, आणि सलग चार तासिका गाऊन शिकवण्याचं वेळापत्रक आलं तर पहिल्याच दिवशी जाऊन बदलून घ्या. एका तासाला गाणं, पुढच्याला ताल, त्यापुढच्याला ऐकणं, असं वाटून घेतलं तर गळ्याला विश्रांती मिळते आणि मुलांनाही.

रुजू व्हाल त्या आठवड्यात कोणतंही गाणं बसवायला घेऊ नका, पंधरा ऑगस्ट कितीही जवळ असला तरी. प्रत्येक मुलाला जवळ बोलावून त्याचं नाव त्याच्याच आवाजात गाऊन घ्या, दोन स्वरांत, ग आणि सा. बासष्ट मुलांना दोन तासिका पुरतात. कोण कुठल्या स्वरात बोलतं, कोण लाजतं, कुणाचा आवाज फुटतोय, ते वहीत नावापुढे लिहून ठेवा. माझ्याकडे अशा बावीस वह्या आहेत, आणि पट्टी ठरवताना मी अजूनही आधी त्या वर्षाची वहीच उघडते.