प्लुरोडेसिसनंतरचा ताप: कुठला सोसायचा, कुठला नाही

कॅन्सरमुळे छातीत पुन्हा पुन्हा पाणी भरत असेल, तर फुप्फुसावरचं आवरण बरगड्यांच्या आतल्या आवरणाला चिकटवून टाकतात. यालाच प्लुरोडेसिस म्हणतात. त्यासाठी छातीत घातलेल्या नळीतून टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची बारीक पावडर, सोडतात, पण टाल्क म्हणजे डिंक नव्हे. त्याच्या कणांनी आवरण दुखावतं, सुजतं, त्यावर फायब्रिनची (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची) जाळी धरते आणि मग दोन्ही पडदे जुळतात. थोडक्यात, इथे दाह हाच इलाज आहे. तो छातीपुरता राहावा, अंगभर पसरू नये, एवढं बघायचं.

बरगड्यांकडच्या आवरणात लिम्फवाहिन्यांची बारीक तोंडं असतात. १० मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा) लहान कण तिथून निसटून रक्तात जाऊ शकतात. म्हणून कुपी उघडण्याआधी लेबल वाचा: बारीक कण काढून टाकलेली, निर्जंतुक, ‘ग्रेडेड’ पावडरच हवी. साधी टाल्क ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत तापवून) वापरली तर जंतू मरतात, कणांचा आकार तेवढाच राहतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात मिश्र कणांच्या टाल्कने ऑक्सिजन जास्त घसरला होता. पुढे २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात मोठ्या कणांची ४ ग्रॅम टाल्क दिलेल्या ५५८ रुग्णांपैकी एकालाही एआरडीएस (दोन्ही फुप्फुसं सुजून श्वास निकामी होणं) झाला नाही.

पाणी निघाल्यावर फुप्फुस फुगलंय का, हे एक्स-रेवर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते उघडलंच नसेल तर पडदे एकमेकांना टेकत नाहीत. ताप येतो, दुखतं आणि चिकटत काहीच नाही. अशा रुग्णाला घरी पाणी काढता येईल अशी कायमची नळी बरी.

टाल्क सोडण्याआधी ताप, श्वासाची गती, ऑक्सिजन आणि सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी तपासणी) लिहून ठेवा. नंतर तुलना कशाशी करणार? मग नळीतून लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, किलोला ३ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त २५० मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईंना १५० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं १५ मिलि. वॉर्डात बहुधा २ टक्क्यांची बाटली असते. तिचं साडेसात मिलि पुरतं. घाईत इथेच दुप्पट डोस जातो.

टाल्क ४ ते ५ ग्रॅम, ५० मिलि सलाइनमध्ये. पावडर सिरिंजच्या तळाशी बसते, म्हणून सोडेपर्यंत हलवत राहा. ५ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी तर मुळीच नाही. नळी तासभर क्लॅम्प करा (चिमट्याने बंद ठेवा) आणि उघडायची वेळ चिकटपट्टीवर लिहून नळीलाच लावा. ड्यूटी बदलताना क्लॅम्प तसाच राहून जातो. रुग्णाला कुशीवर फिरवत बसायची गरज नाही.

आता ताप. बहुधा ४ ते १२ तासांत चढतो आणि ७२ तासांपर्यंत राहू शकतो. सोबत सीआरपी आणि पांढऱ्या पेशीही वाढतात. रुग्ण जेवतोय, बोलतोय, श्वास आधीसारखाच आहे, तर पॅरासिटामॉल पुरे. नुसता सीआरपी वाढला म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका.

दम मात्र या हिशेबात बसत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत श्वासाची गती वाढली, ऑक्सिजन आधीच्या आकड्यापेक्षा घसरला, तर ‘ताप आहे म्हणून धाप लागते’ असं समजून थांबू नका. आधी नळी बघा: वळली आहे का, बाटलीतलं पाणी श्वासाबरोबर हलतंय का. ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना लगेच बोलवा, एक्स-रे काढा. दोन्ही फुप्फुसांत नवे पांढरे डाग दिसले तर आयसीयू. एक्स-रे स्वच्छ असूनही दम असेल, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली आहे का हे तपासावं लागतं.

ताप तीन दिवसांनंतरही हटला नाही, किंवा उतरून परत चढला, नळीतलं पाणी गढूळ झालं, तर तो टाल्कचा नव्हे, जंतुसंसर्गाचा धरायचा आणि पाणी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवायचं.

वेदनेसाठी आयबुप्रोफेन दिलं तर प्लुरोडेसिस फसतं, असं अजून ऐकू येतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या टाइम-१ चाचणीत आयबुप्रोफेनची तुलना मॉर्फिनशी केली, तेव्हा तसं आढळलं नाही. फक्त आयबुप्रोफेनवाल्यांना वरून जास्तीच्या वेदनाशामकाची गरज मॉर्फिनवाल्यांपेक्षा अधिक लागली. किडनी कमजोर असेल तर तरीही नकोच. स्टेरॉइडबद्दलची शंका जास्त रास्त आहे, कारण ज्या दाहावर सगळी भिस्त तोच त्याने दबतो. पण मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते परस्पर बंद करू नका. टाल्कची तारीख ठरवण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.